खनिज निधीवर पहिला हक्क कोणाचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

गेल्या लेखावरची तुमची लांबलचक प्रतिक्रिया वाचली. ती रागाने लिहिली असली तरी मनापासून लिहिली आहे, म्हणून खाली दोन ओळींत आभार मानून मोकळं होण्याऐवजी स्वतंत्र उत्तर देते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुरजागडच्या लोहखनिजावर गडचिरोलीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे जो पैसा (म्हणजे खनिज निधी) जमा होतो, तो कशावर खर्च करायचा हे ठरवताना एटापल्ली तालुक्यातल्या ग्रामसभांना आधी विचारा, असं मी लिहिलं होतं. तुम्ही पर्थमध्ये खाण-अभियंता आहात. तुमचं म्हणणं असं की खाण आली म्हणून खाणीजवळच्या हेडरी गावाला रुग्णालय झालं, शाळा झाली, पोरांना काम मिळालं, एसटी पोहोचली, आणि शहरात बसून त्यात खोट काढणं सोपं आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात सरकार आणि खाण कंपन्या हातात हात घालून काम करतात म्हणून दूरदूरच्या वस्त्यांना सोयी मिळतात, त्यापासून शिकावं, असंही तुम्ही लिहिलंत. ग्रामसभेच्या हाती कोट्यवधी रुपये दिले तर ते मधल्या मधे गडप होतील, ही भीती तुम्ही बोलून दाखवलीत. आणि शेवटी विचारलंत, "मग तुम्हाला नेमकं हवं तरी काय?"

हेडरीच्या रुग्णालयापासून सुरू करते. ज्या भागात मलेरिया दरवर्षी माणसं पाडतो, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घराघरात आहे आणि पावसाळ्यात नाले भरले की बाळंतिणीला खाटेवर उचलून आणावं लागतं, तिथे डॉक्टर असलेली इमारत उभी राहिली तर तिला नावं ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. मीही ठेवलेली नाहीत. पण ते रुग्णालय आणि खनिज निधी यांचा मार्ग वेगळा आहे, आणि तुमच्या प्रतिक्रियेत दोन्ही एकाच पोत्यात बांधले गेले आहेत.

कंपनी सामाजिक दायित्वातून जे करते त्याला २०१३ च्या कंपनी कायद्याचा आधार आहे. ठरावीक आकाराच्या कंपनीने आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करायची असते. कुठे करायची, शाळा काढायची की दवाखाना, हे कंपनीचं संचालक मंडळ ठरवतं, आणि नफा आटला तर रक्कमही आटते. खनिज निधीचं तसं नाही. खाण कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि कलम ९ ब आलं. खाणीमुळे ज्यांना झळ बसते त्या माणसांच्या आणि त्या भागाच्या हितासाठी प्रत्येक खाण जिल्ह्यात एक न्यास असेल, असं ते कलम सांगतं. जिल्हा खनिज प्रतिष्ठान म्हणजे हाच न्यास. १२ जानेवारी २०१५ च्या आधी दिलेल्या खाणपट्ट्यांनी रॉयल्टीच्या, म्हणजे खनिज काढण्याबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या, ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने दिलेल्यांनी १० टक्के इतकी रक्कम रॉयल्टीशिवाय वेगळी भरायची. नफा झाला की तोटा हा प्रश्नच येत नाही. माल उचलला की पैसा द्यायचा.

आपल्याकडे बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी मिळते आणि वडिलोपार्जित जमिनीत तिचा वाटाही असतो. ओवाळणी किती घालायची हे भाऊ ठरवतो, वाटा किती हे भाऊ ठरवत नाही. हेडरीचं रुग्णालय ओवाळणीत मोडतं. मी लिहिलं होतं ते वाट्याबद्दल.

हा वाटा लहान नाही. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के आहे. समजा टनाला भाव ४,००० रुपये धरला, तर रॉयल्टी ६०० आणि सुरजागडचा पट्टा २००७ चा असल्यामुळे खनिज निधी १८० रुपये. या खाणीची वार्षिक क्षमता २०२३ मध्ये ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर नेण्याची परवानगी मिळाली. १ कोटी टनांचा हिशेब लावला तर एका वर्षाचे १८० कोटी होतात. भाव मी गृहीत धरलेला आहे, पण रकमेचा अंदाज यावा. एवढा पैसा कुठे जातो हे विचारणं म्हणजे विकासाला विरोध, हे मला मान्य नाही.

एसटीचंही बोलू. १ जानेवारी २०२५ ला मुख्यमंत्र्यांनी अहेरी–गर्देवाडा बसला हिरवा झेंडा दाखवला आणि स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी त्या पट्ट्यात पहिल्यांदा बस गेली. आनंद मलाही झाला. पण लाल डबा गावात येणं हे खनिजाच्या बदल्यात मिळालेलं बक्षीस समजू नका. नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या पाड्यावर लोहखनिज सापडलं नाही, तर तिथे बस जाऊ नये का?

आता पश्चिम ऑस्ट्रेलिया. तुम्ही दिलेलं उदाहरण चांगलं आहे आणि ते माझ्याच बाजूचं आहे. तिथे २००८ नंतर राज्य सरकारने रॉयल्टीच्या उत्पन्नातला २५ टक्के भाग राजधानी पर्थबाहेरच्या प्रदेशांसाठी वेगळा काढायचं ठरवलं आणि २००९ मध्ये त्यासाठी कायदाच केला. म्हणजे सोयी आल्या त्या राजधानीने पैशाला हात लावू नये म्हणून कायद्याने कुंपण घातल्यामुळे. नुसत्या सौहार्दाने ते झालं नसतं. पण त्याच राज्यात मे २०२० मध्ये ज्यूकन गॉर्ज इथली सुमारे ४६,००० वर्षांच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेली शैलाश्रयं (खडकातले निवारे) रिओ टिंटो या खाण कंपनीने लोहखनिजासाठी सुरुंगाने उडवली. सरकारी परवानगी होती, कायद्याचा भंग झाला नव्हता. पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा या तिथल्या मूळनिवासींचं म्हणणं तेवढं कोणी ऐकलं नव्हतं. कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला नंतर पद सोडावं लागलं, पण ती जागा परत आली नाही. सुरजागडच्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. हे वाचताना तुम्हाला ज्यूकन गॉर्ज आठवलं नसेल असं मला वाटत नाही.

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते तुमच्या तिसऱ्या मुद्द्यावर. ग्रामसभेला पैशाचा व्यवहार झेपणार नाही, हे आपण शहरातले लोक इतक्या सहज म्हणतो की कोणी उलट विचारतही नाही. गडचिरोलीत पेसा (अनुसूचित म्हणजे आदिवासीबहुल क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यांखाली अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः करतात. जाहिरात काढायची, ठेकेदारांशी बोलणी करायची, करार लिहायचा, फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, पानांचे पुडके मोजून घ्यायचे, मजुरी आणि बोनस प्रत्येक कुटुंबाला चुकता करायचा, हे सगळं त्याच गावांतली माणसं सांभाळतात ज्यांना आपण अडाणी समजतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून ते गाव बांबू विकतं आणि हिशेब उघड्यावर मांडतं. शिवाय आदिवासी उपयोजनेचा, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या तरतुदीचा, ५ टक्के निधी २०१५ पासून महाराष्ट्र सरकारच पेसा गावांना थेट देतं. सरकारला जो विश्वास वाटतो तो आपल्याला का वाटू नये?

अडचणी नाहीत असं नाही. ठेकेदारांनी तेंदूचे पैसे थकवल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, काही गावांत दोन-चार माणसंच कारभार ओढतात, बायकांचा आवाज अजून कमी पडतो. पण पैसा गडप होतो म्हणून निर्णय वर न्यायचा असेल, तर वरचा अनुभवही बघा. खनिज निधीतली मंजुरी आणि खर्च राज्य पातळीवर करू नका, असा आदेश केंद्राच्या खाण मंत्रालयाला जुलै २०२१ मध्ये काढावा लागला. हा निधी ज्या योजनेखाली खर्च होतो त्या प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेचे नियम जानेवारी २०२४ मध्ये बदलून किमान ७० टक्के निधी पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा तातडीच्या गरजांवरच खर्च करा, आणि किमान ७० टक्के निधी प्रत्यक्ष बाधित क्षेत्रातच वापरा, असं बजावावं लागलं. पैसा नेमका जागेवर पोहोचत असता तर या सूचनांची वेळ आली नसती.

आणि मुळात मी कायद्याबाहेरचं काही मागितलेलंच नाही. अनुसूचित क्षेत्रात या निधीतली कोणतीही योजना हाती घेताना ग्रामसभेची मंजुरी लागेल आणि वर्ष संपल्यावर कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवावा लागेल, हे त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. एटापल्ली अनुसूचित क्षेत्रात आहे.

एक गोष्ट मात्र नव्या नियमांतही मला खटकते. प्रत्यक्ष बाधित क्षेत्र खाणीपासून १५ किलोमीटर आणि अप्रत्यक्ष २५ किलोमीटर त्रिज्येत धरलं आहे. नकाशावर वर्तुळ काढता येतं, ट्रक मात्र रस्त्याने जातात. एटापल्ली–आलापल्ली–आष्टी मार्गावर वर्षानुवर्षं लाल धूळ खाल्लेल्या गावांना हे वर्तुळ कसं कळणार? आता खनिज नळातून कोनसरीच्या कारखान्याकडे न्यायची सोय झाली आहे, ती चांगलीच आहे, पण खाल्लेल्या धुळीचा हिशेब त्याने मिटत नाही.

गोव्याकडेही बघून घ्या. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात कर्जावर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि भरभराटीच्या काळातलं गावांसाठी साठवलेलं काहीच हाताशी नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये खनिज विक्रीतला १० टक्के भाग कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितलं ते पुढच्या पिढ्यांसाठी. सुरजागडच्या पट्ट्याची ५० वर्षांची मुदत २०५७ ला संपते. आज हेडरीच्या शाळेत पहिलीत असलेली मुलगी तेव्हा चाळिशीच्या आत असेल.

तर मला हवं काय? खनिज निधीतून त्या त्या गावात कोणतं काम, किती रकमेचं, हे माडिया आणि मराठीत ग्रामसभेत वाचून दाखवावं. प्रतिष्ठानच्या संकेतस्थळावर प्रत्येक कामापुढे ग्रामसभेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख असावी, ठराव नसेल तर तो रकाना रिकामा दिसावा. बाधित क्षेत्राबाहेर केलेल्या खर्चाची यादी वेगळी लावावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रिक्त जागा आधी भराव्यात, इमारती नंतर. आणि नव्या नियमांनी मुभा दिली आहे तेवढी १० टक्के रक्कम खाण संपल्यानंतरच्या दिवसांसाठी बाजूला ठेवावी.

तुमच्याकडूनही एक हवं आहे. खनिजाच्या प्रतीनुसार भाव बदलतो आणि भावाबरोबर रॉयल्टी बदलते. किती टन माल कोणत्या प्रतीचा गेला आणि त्यावर निधीत किती यायला हवा होता, हे ताडून बघणारं ग्रामसभेत आज फारसं कोणी नाही. तुमचं तर रोजचं काम हेच आहे. दहावी शिकलेल्या मुलाला कागद हातात घेऊन पडताळता येईल असं टिपण मराठीत लिहून द्या. मी ते इथे छापेन आणि एटापल्लीच्या कार्यकर्त्यांपर्यंत पोहोचवेन.