अजून दुखतंय काय? होय, अजून दुखतंय

आज दिरांच्या मुलीची हळद होती खानापूरला. घाणा भरायला पाच सुवासिनी बोलावल्या, त्यात मला पण बोलावलं, आणि मी मुसळाला डावा हात लावला. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय माझ्या, त्या हातानं मुसळ उचलणं मला आत्ता जमत नाही, आणि ओढून ताणून जमवलं असतं तर आजची रात्र गेलीच माझी. तर आमच्या मोठ्या वन्सं सगळ्या बायकांच्यात मोठ्यानं म्हणाल्या, "शुभकार्याला डावा हात लावू नये गं. आणि चार महिने झाले की ऑपरेशनला, पट्टा पण निघाला, अजून दुखायलंय काय तुझं?" दोघीतिघी हसल्या. मी मुसळ सोडलं आणि मागं जाऊन खुर्चीत बसले. लग्नाचं घर, तिथं काय बोलणार.

पण इथं बोलणार. साडेदहा वाजलेत, फोनमध्ये बोलून बोलून लिहितेय आणि चुकलेलं डाव्या हातानं दुरुस्त करतेय, जसं येईल तसं वाचा.

होय. अजून दुखतंय. हात गळ्यात अडकवायचा पट्टा निघाला म्हणजे दुखणं निघालं असं कुणी सांगितलं तुम्हाला? पायाला प्लास्टर असलं की माणसं उठून जागा देतात. खांद्याचं काही दिसतच नाही ओ. दुर्बिणीतून ऑपरेशन, बारीक भोकं पाडलेली, त्याचे डाग ब्लाउजच्या आत. वरून बघितलं तर बाई धडधाकट, नवी साडी नेसून हळदीला आलेली, मग हिला मुसळ उचलायला काय झालं. पण ती साडी नेसवली कुणी ते कुणी विचारलं नाही. सुनेनं नेसवली, निऱ्यांपासून पदराच्या पिनेपर्यंत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेल्या ऑगस्टात परसदारी पाय घसरला, आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, फरशीला शेवाळ धरलेलं, पडताना उजवा हात टेकला. दीड महिना बाम चोळत बसले, आपटलंय, जाईल म्हणून. केस विंचरायला हात वर जाईना तेव्हा एमआरआय केला. खांद्याभोवती चार स्नायू असतात, त्यांच्या टोकाच्या पट्ट्या हाडाला चिकटलेल्या असतात, त्याला रोटेटर कफ म्हणतात, त्यातली वरची, सुप्रास्पायनाटस नावाची, ती हाडापासून सुटलेली. ऑक्टोबरात ऑपरेशन. हाडात छोट्या खुंट्यांसारखं काहीतरी बसवतात, त्यालाच दोरा असतो, त्या दोऱ्यानं सुटलेली पट्टी परत हाडाला ओढून बांधतात.

आमच्या ह्यांची सगळी हयात बेळगावच्या वडगावात मागावर गेली. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवल्यावर हे म्हणाले, म्हणजे तुटलेला ताणा सांधलाय, आता हिसका बसला तर गाठीपाशीच सुटणार. डॉक्टर म्हणाले, बरोबर, तसंच. दोरा नुसता धरून ठेवतो, पट्टी हाडाला खरी चिकटायला बारा आठवडे तरी लागतात, आणि ताकद यायला सहा महिने, कुणाकुणाला वर्ष. वर्ष! आणि मला चार महिन्यांत मुसळ उचलायला सांगतात.

ऑपरेशनच्या पहिल्या रात्रीबद्दल मला बोलायचंच आहे, कारण ते मला कुणी आधी सांगितलं नाही. मानेजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करतात. संध्याकाळी मी वॉर्डात चहा घेतला, बहिणीला फोन केला, अगं काहीच दुखत नाही बघ, उगी घाबरले होते. हात लाकडासारखा पट्ट्यात पडलेला, माझा नव्हेच तो. रात्री अडीचच्या सुमाराला बधिरपणा उतरला आणि मग जे सुरू झालं ना, दोन बाळंतपणं झालीत माझी, ती परवडली. नर्सबाईला बोलावलं तर म्हणाली "स्वल्प नोव इरतद अक्का", थोडं दुखणारच. थोडं?? हे स्टुलावर बसून पहाटेपर्यंत माझा डावा हात धरून होते. महिन्यानं व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओच्या पोरीनं सांगितलं की बधिरपणा उतरायच्या आधीच गोळी पोटात गेलेली पाहिजे, दुखायला लागल्यावर घेतली की दुखणं पुढं आणि गोळी मागं. मग हे आधी का सांगत नाहीत? घरी सोडताना हातात कागद दिला, त्यावर गोळ्यांची नावं आणि खाली इंग्लिशमध्ये एक ओळ. ती ओळ सुनेनं वाचली म्हणून कळलं की कोपर पट्ट्याबाहेर काढून हलवायचं पण खांदा हलवायचा नाही. ज्या घरात वाचणारी सून नाही त्यांनी काय करायचं?

ऑपरेशन चांगलं केलं हो, ते मी नाही म्हणत नाही.

खांद्याचं दुखणं रात्रीचं असतं. दिवसा माणसात विसरायला होतं, आडवं झालं की आत कुणीतरी स्क्रू पिळल्यासारखं. सहा आठवडे मी सासऱ्यांच्या जुन्या आरामखुर्चीत झोपले, पलंगावर नाहीच. कोपराच्या खाली आणि मागं अशी उशी लावायची की कोपर मागं पडणार नाही, ही एक उशी बरोबर बसली तर तीन तास झोप, नाही बसली तर घड्याळ बघत बसायचं. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा वीस मिनिटं, थेट कातडीवर नाही. ब्लाउज तर बंदच, पुढून बटणाचा ढगळ गाऊन, घालताना दुखरा हात आधी आणि काढताना दुखरा हात शेवटी. अंघोळीला पुढं वाकून हात लोंबता सोडायचा म्हणजे काखेत पाणी घेता येतं, नाहीतर घामानं कातडं सोलवटतं. हे सगळं बारीक बारीक आहे, पण दिवस ह्यातच जातो, आणि हे कुणाला सांगायला गेलं तर म्हणतात एवढंच होय.

आणि सल्ले. बैलहोंगलकडं कुणीतरी नाटी म्हणजे गावठी वैद्य आहे म्हणे, एकदा ओढून चोळून देतो की हात सुटतो. अहो आत शिवलंय! ओढून चोळून काय सुटणार ते ह्यांच्या भाषेत सांगितलंय वर. कृपा करून कुणाच्या शिवलेल्या खांद्याला असं काही करायला लावू नका. आणि पेनकिलर मनानं घेऊन ठेवू नका, मला शुगर आहे, किडनीवर येतं म्हणून मला मोजून दिलेल्या. शुगर असली की खांदा आखडतो पण जास्त, ते एक वेगळंच. ताप आला, टाक्यातून पू आला, बोटं बधिर पडली, तर मात्र सोसत बसायचं नाही, लगेच दाखवायचं.

वन्संचं एक बरोबर आहे, हात धरून बसलं तर खांदा धरतो. मान्य. पण हलवायचा म्हणजे मुसळ उचलायचं नव्हे. माझी फिजिओची पोरगी कन्नड, माझं कन्नड बाजारापुरतं, तिचं मराठी त्याहून कमी, तरी तिच्याइतकं मला कुणी समजावलं नाही. आधी टेबलाला डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा लोंबता सोडून हळूहळू गोल फिरवायचा. मग दोन महिन्यांनी दाराला कप्पी, चांगल्या हातानं दोरी ओढून दुखरा वर न्यायचा. कप्पी ह्यांनीच बसवून दिली. मग भिंतीवर बोटं चालवत चढवायचा. प्रत्येक वेळी तिचं एकच, "नोव बंद्र निल्लस्री", दुखलं की थांबवा. ताण बसल्यासारखं दुखून तासाभरात शांत झालं तर चालेल, सुरी खुपसल्यासारखं झालं किंवा रात्र जागवली तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं.

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशेजारी भिंतीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. बोटं जिथवर चढली तिथं हे रोज रेघ मारतात आणि बाजूला तारीख. नातवाची उंची मोजल्यासारखं. डिसेंबरात पहिली रेघ माझ्या छातीच्या पातळीला आहे. परवाची कपाळाच्या वर चार बोटं. दोन रेघांत कधी कधी आठ आठ दिवस काहीच फरक नाही, एकदा तर रेघ खाली आली, त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून रडले. ही भिंत आज त्या हळदीच्या मांडवात नेऊन दाखवावी असं वाटत होतं मला.

लिहिता लिहिता आता राग जरा उतरलाय, तर एक गोष्ट आठवायलीय आणि ती लिहिल्याशिवाय झोप नाही यायची. मी नवीन लग्न होऊन आले त्याच वर्षी ह्याच वन्संची गर्भपिशवी काढलेली. माहेरपणाला म्हणून आमच्याकडं आल्या होत्या. बाराव्या दिवशी चुलीपुढं पाटावर बसल्या आणि अकरा माणसांच्या भाकऱ्या बडवल्या. भाकरी थापताना मधेच थांबायच्या, डाव्या हातानं पोट दाबून धरायच्या, परत थापायच्या. मी शेजारी बसून पीठ देत होते. सासूबाई म्हणाल्या, हलती फिरती राहिली की बरी होशील. आणि आम्ही सगळे जेवलो. मी पण जेवले. वन्सं, दुखतंय काय हो, असं एकानं विचारलं नाही, मी पण नाही. नवीन होते म्हणून म्हणा, पण नाही विचारलं.

त्यांना वाटत असेल, आम्ही बाराव्या दिवशी उठलो आणि हिला चौथ्या महिन्यात मुसळ जड. वाटणारच. त्यांना जे मिळालं नाही ते मला मिळालं, उशी लावणारा नवरा मिळाला, साडी नेसवणारी सून मिळाली. म्हणून बोलल्या ते योग्य आहे असं नाही, सगळ्यांपुढं बोलायला नको होतं, ते मला लागलंय आणि उद्या पण लागलेलं असणार. पण राग त्यांच्यावर किती धरू. राग त्या बाराव्या दिवसाचा येतो. आज हसल्या त्या दोघीतिघी, त्यांच्या घरात पण असंच काहीतरी झालेलं असणार, आणि त्यांच्या सुनांचं ऑपरेशन झालं की त्या पण हेच विचारणार, अजून? अजून? आपल्या बायका सोसतात म्हणून कौतुक करायचं बंद करा आधी, त्या कौतुकानंच आम्हाला चुलीपुढं बसवलंय.

बर्फ आणून ठेवलाय ह्यांनी, वितळायलाय. उद्या लग्न, साडेबाराची अक्षता. मी डाव्या हातानंच टाकणार आहे, कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. पंगतीला वन्संच्या शेजारी बसणार आणि विचारणार, वन्सं, तुमचं पोट तेव्हा किती दिवस दुखलं हो.