आठवड्यात वास परत? त्या मेसेजबद्दल

एक मेसेज सध्या खूप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: साठीनंतर वास येईनासा होतो तो नाकात साचलेल्या कफामुळे. पुदिना-निलगिरीची वाफ घ्या, औषधी तेल नाकात सोडा, जिन्को या झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या खा. आठवड्यात वास पूर्ववत. सगळं वनस्पतीजन्य, म्हणून अपाय शून्य. डॉक्टरची गरज नाही.

आधी कफ. वास ओळखणाऱ्या चेतापेशी नाकाच्या पार वरच्या भागात असतात. त्या सतत मरतात आणि नव्या तयार होतात. वयाबरोबर ही भरपाई मंदावते. त्यांचे तंतू ज्या हाडातून मेंदूकडे जातात त्याची छिद्रंही अरुंद होत जातात. कफ काढून यातलं काहीच बदलत नाही.

वाफेनंतर ‘नाक मोकळं झालं’ हा अनुभव खोटा नाही. पण पुदिन्यातलं मेन्थॉल चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसेला थंडाव्याचा संदेश देतं. हवेचा प्रवाह मोजला तर तो बहुधा तितकाच भरतो. गंधाची नस वेगळीच, तिला याचा उपयोग नाही.

मेसेजखाली ‘मला गुण आला’ म्हणणारे बरेच आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ५३ ते ९७ वयाच्या सुमारे अडीच हजार लोकांची तपासणी झाली, निष्कर्ष २००२ मध्ये आले. जवळपास चौथ्या हिश्श्याची गंधशक्ती उणी निघाली, ऐंशीच्या पुढे साठ टक्क्यांहून जास्त. स्वतःहून तक्रार सांगणारे मात्र दहा टक्केही नव्हते. गेलेलं ज्यांच्या लक्षात येत नाही, त्यांनी परत आल्याची ग्वाही चाचणीशिवाय कशी द्यावी?

जिन्को विषाणूसंसर्गानंतर वास गेलेल्यांना स्टिरॉइडच्या जोडीला देऊन पाहिला गेला. नुसत्या स्टिरॉइडपेक्षा लक्षणीय फरक दिसला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाची भीती वेगळी.

‘अपाय शून्य’? नाकात सोडलेलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळतं म्हणजे निर्धोक, हा समज तर २००९ मध्येच मोडला: झायकॅम हे सर्दीवरचं जस्ताचं नाकातलं जेल वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावलं, कारण लोकांचा वासच गेला होता.

वनस्पतींचा एक उपयोग मात्र खरा आहे, फक्त तो हुंगण्याचा. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टर थॉमस हुमेल यांनी २००९ मध्ये वास गेलेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे घ्यायला लावले. काहींची गंधशक्ती सुधारली, सगळ्यांची नाही. आठवड्याचा वायदा तिथे कोणी केला नव्हता.

मेसेजमधली सर्वांत वाईट ओळ शेवटची: ‘डॉक्टरची गरज नाही’. नाकातले मस्से, सायनसची सूज, एखादं चालू औषध, डोक्याला लागलेला मार, यांनीही वास जातो, आणि मस्से-सुजेवर चांगले उपचार आहेत. पार्किन्सन या मेंदूच्या आजारात तर हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास कमी झालेला असू शकतो. वास अचानक गेला, किंवा एकाच नाकपुडीतून येईनासा झाला, तर वयावर न ढकलता कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.