'सगळ्यांना ॲडमिन करून टाका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. उत्तर लांबलंय, म्हणून वेगळं टाकतोय.

ज्यांनी मागचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी: सामायिक रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवर (म्हणजे अनेक जण आपापल्या जागेवरून लॉगिन करून काम करतात त्या एकाच कॉम्प्युटरवर) जुना प्रोग्रॅम बिघडला तर प्रोसेस मॉनिटर (कोणता प्रोग्रॅम कोणत्या फाइलला, सेटिंगला हात लावतो ते ओळीओळीने टिपणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) लावून कारण कसं शोधायचं, यावर मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हा रिकामटेकडा उद्योग आहे. युजरला ॲडमिन केलं, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे हक्क दिले, की पाच मिनिटांत काम होतं, फायली अडकल्या तर रात्री सर्व्हर रीस्टार्ट करावा, आणि चालू सर्व्हरवर प्रोसेस मॉनिटर लावणं म्हणजे सुखाचा जीव दुःखात घालणं. वर 'त्यापेक्षा नवीन सॉफ्टवेअर का घेत नाही?' असा टोला.

टोल्याचं आधी उरकतो, कारण तिथे आपलं भांडणच नाही. नवीन घ्यायला माझी ना नाही. पण तो निर्णय पैसे देणाऱ्याचा असतो, आणि तो होईपर्यंत उद्या सकाळी बिलं निघावी लागतात. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ ची, तिचा सपोर्ट २०१५ च्या जानेवारीत संपला. व्हिज्युअल बेसिक ६ च्या डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंटचा सपोर्ट तर २००८ मध्येच गेला. तरी या दोन्हींत लिहिलेले प्रोग्रॅम आजही रोज उघडले जातात. ते सांभाळणाऱ्यांसाठीच मी लिहितो.

आता ॲडमिनचं. तुमच्या उपायाने एरर जाते, हे मान्य. माझा आक्षेप वेगळा आहे. 'ॲक्सेस डिनाइड' एवढंच सांगतं की या युजरला या जागी लिहू दिलं नाही. ती फाइल सगळ्यांनी मिळून लिहायची आहे की प्रत्येकाची वेगवेगळी असायला हवी, हे त्यातून कळत नाही. सामायिक सर्व्हरवर खरा प्रश्न तोच. डेटाचं फोल्डर सगळ्यांचं, तिथे लिहायची आणि फाइल पुसायचीही परवानगी सगळ्यांना हवी. नाहीतर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसची लॉक फाइल (डेटा कोण उघडून बसलंय ते नोंदवणारी) धड बनत नाही आणि धड जातही नाही. याउलट प्रोग्रॅमची आयएनआय फाइल, ज्यात शेवटचा निवडलेला प्रिंटर, खिडकीचा आकार, चालू वर्ष असलं काहीबाही असतं, ती एकेकाची. फॉक्सप्रोची फॉक्सयुजर फाइलही, जिच्यात अशाच आवडीनिवडी राहतात, एकेकाची. रिपोर्ट काढताना बनणाऱ्या कच्च्या फायली तर नक्कीच एकेकाच्या. तुम्ही ॲडमिन करता तेव्हा या सगळ्या फायलींना एका फटक्यात 'सगळ्यांची' ठरवून टाकता. एरर गेली की काम झालं असं वाटतं, आणि खरी गंमत महिनाअखेरीला सुरू होते.

ती कशी, ते जरा बारकाईने पाहू. व्हिस्टापासून विंडोजमध्ये एक सोय आहे. ३२ बिटचा, मॅनिफेस्ट (आपल्याला कोणते हक्क लागतात ते विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला जुना प्रोग्रॅम साध्या युजरने चालवला आणि तो 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला गेला, तर विंडोज त्याला अडवत नाही; त्याचं लिखाण गुपचूप त्या युजरच्या प्रोफाइलमधल्या 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहिलं. म्हणजे प्रत्येकाला आपापली आयएनआय मिळते, तीही कोणी काही न करता. टास्क मॅनेजरच्या तपशिलाच्या टॅबवर 'यूएसी व्हर्च्युअलायझेशन' (यूएसी म्हणजे ॲडमिनचे हक्क वापरण्याआधी विचारणारी विंडोजची व्यवस्था) हा रकाना चालू करा, कोणत्या प्रोसेसला ही सोय लागू आहे ते तिथेच दिसेल.

आता त्याच युजरला ॲडमिन करून शॉर्टकटवर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ची खूण करा. ही सोय बंद. प्रोग्रॅम आता खऱ्या फोल्डरमधली खरी फाइल वाचतो. युजर म्हणतो, 'माझी सगळी सेटिंग्ज उडाली!' उडालेली नसतात, व्हर्च्युअल स्टोअरमध्ये पडून असतात, पण तिकडे आता कोणी बघत नाही. मग तो सेटिंग्ज पुन्हा भरतो, शेजारचा त्याची भरतो, आणि दोघंही एकाच फाइलवर लिहीत बसतात. काही जण यूएसीच मुळापासून बंद करतात. तेव्हाही वळवण्याची सोय जाते, आणि साध्या युजरला नव्याने 'ॲक्सेस डिनाइड' यायला लागतं, मग त्यालाही ॲडमिन करा. तुम्ही लिहिलंय की 'हळूहळू सगळ्यांनाच ॲडमिन करावं लागलं'. ते का करावं लागलं, याचं उत्तर बहुधा इथे आहे. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

सुरक्षेचं लांबण लावत नाही. एका सर्व्हरवर सगळे बसलेले असताना एक ॲडमिन म्हणजे सगळ्यांच्या प्रोफाइलची किल्ली, आणि त्याने एक चुकीची अटॅचमेंट उघडली की ती किल्ली भलत्याच्या हातात. हे तुम्हालाही ठाऊक आहे.

'ॲडमिन केल्यावर आमच्याकडे काहीच तक्रार नाही' यावर मात्र एक प्रसंग सांगतो. एका कार्यालयात सगळे ॲडमिन होते, एरर एकही नव्हती. तक्रार अशी की अधूनमधून एकीच्या रिपोर्टमध्ये दुसरीच्या विभागाची यादी छापून येते. रोज नाही, कधीतरी. प्रोग्रॅमचा बग म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. प्रोसेस मॉनिटरमध्ये 'सेशन' (एकेका लॉगिनचा क्रमांक) हा रकाना जोडला आणि दोघींना एकाच वेळी रिपोर्ट काढायला लावला. निकालाच्या रकान्यात सगळीकडे 'सक्सेस'. पण सेशन ३ आणि सेशन ७ दोन्हीकडून लिखाण एकाच फाइलवर. आधी एकीचा प्रोग्रॅम फाइल बनवतो, भरतो, बंद करतो. छपाईसाठी पुन्हा उघडायच्या आत दुसरीचा प्रोग्रॅम तीच फाइल नव्याने बनवतो.

गंमत म्हणजे प्रोग्रॅम लिहिणारा गाफील नव्हता. दोन जणांच्या फायली भिडू नयेत म्हणून त्याने फाइलच्या नावात कॉम्प्युटरचं नाव घातलं होतं. प्रत्येकाचं मशीन वेगळं असताना ते चोख चालत होतं. सगळे सर्व्हरवर आले आणि सगळ्यांच्या कॉम्प्युटरचं नाव एकच झालं. जुन्या प्रोग्रॅमची बहुतेक दुखणी याच जातीची असतात: एक मशीन म्हणजे एक माणूस, हे गृहीत. कोणी ठराविक पोर्ट (प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायचं क्रमांकाचं दार) उघडतो, आणि पोर्ट तर सेशनगणिक वेगळा नसतो, सगळ्या सर्व्हरला मिळून एकच. मग दुसऱ्याचा प्रोग्रॅम एकतर सुरूच होत नाही, नाहीतर पहिल्याच्या प्रोसेसशी जाऊन बोलायला लागतो. कोणी प्रिंटरचं नाव जपून ठेवतो, पण रिमोटमधून आलेल्या प्रिंटरच्या नावामागे 'रिडायरेक्टेड' आणि सेशनचा आकडा लागतो. आज ३, उद्या ७, की प्रिंटर 'सापडत नाही'. यातलं काय ॲडमिन करून सुटणार?

त्या रिपोर्टवर उपाय साधा निघाला. नशिबाने प्रोग्रॅम कॉम्प्युटरचं नाव एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (विंडोज प्रत्येक प्रोसेसला नाव-किंमत अशा ज्या जोड्या देतं त्यांतून) घेत होता. शॉर्टकटला थेट ईएक्सईऐवजी एक छोटी बॅच फाइल (ओळीने कमांड चालवणारी) दिली. ती आधी कॉम्प्युटरनेम या व्हेरिएबलमध्ये युजरनेमची किंमत भरते आणि मग प्रोग्रॅम सुरू करते. बदल फक्त त्या प्रोसेसपुरता, बाकी विंडोजला पत्ताही नाही. नाव थेट विंडोजच्या फंक्शनकडून घेतलं असतं तर ही युक्ती चालली नसती, मग प्रत्येकाला प्रोग्रॅमची वेगळी प्रत द्यावी लागली असती. तेही काही वाईट नाही. ॲक्सेसच्या बाबतीत तर तोच रिवाज आहे: डेटा एका जागी, आणि फॉर्म-रिपोर्टची फ्रंट एंड फाइल प्रत्येकाला स्वतंत्र, लॉगिनच्या वेळी ताजी प्रत. फॉक्सप्रोत फॉक्सयुजरवरून 'फाइल इज इन यूज' येत असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये रिसोर्स ऑफ केलं की बहुतेक भागतं. (सगळे एकाच लॉगिनने शिरत असतील तर यातलं काहीच लागू पडत नाही. ती सवय आधी मोडा.)

प्रोसेस मॉनिटरबद्दलची तुमची भीती अनाठायी नाही. तसाच उघडून ठेवला तर तो सर्व्हरवरच्या सगळ्या सेशनचं सगळं टिपत बसतो, आणि ते साठतं पेजफाइलच्या (मेमरी भरली की विंडोज जिचा आधार घेतं त्या फाइलच्या) भरवशावर. चहा पिऊन येईपर्यंत सर्व्हर धापा टाकायला लागतो. म्हणून तो 'नोकनेक्ट' स्विच देऊन उघडायचा, म्हणजे टिपणं सुरू होत नाही. आधी प्रोसेसच्या नावाचा फिल्टर लावायचा, फिल्टरच्या मेनूत 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करायचं, साठवण डिस्कवरच्या फाइलमध्ये वळवायची, आणि मग युजरला सांगायचं, आता एररपर्यंत जा. एरर आली की लगेच टिपणं बंद. काम मिनिटाभराचं.

वाचताना एक पथ्य. 'नेम नॉट फाउंड'च्या शेकडो ओळी दिसतील, त्या बघून घाबरू नका. डीएलएल (प्रोग्रॅमला लागणाऱ्या सामायिक कोडच्या फायली) शोधताना विंडोज चार ठिकाणी डोकावतं, तेच ते. 'ॲक्सेस डिनाइड'ही प्रत्येक वेळी गुन्हेगार नसतो. कित्येक प्रोग्रॅम आधी गरजेपेक्षा जास्त हक्क मागतात, नकार आला की कमी हक्कांवर मुकाट काम करतात. एररची खिडकी जिथे उघडली तिथून उलटं वर वाचत यावं. आणि जमलं तर ज्याचं चालतंय त्याचंही टिपण घेऊन शेजारी ठेवावं. मी तर त्याच्याही आधी विचारतो: एकटाच लॉगिन असताना एरर येते का? एकटा असताना येत नसेल तर परमिशनकडे जायचंच नाही, आपसात काय भिडतंय ते बघायचं.

रीस्टार्टवर फार वाद घालत नाही. रात्री कोणी नसताना केला तर बिघडत नाही काही. पण अडकलेल्या फायलींचं नेहमीचं कारण साधं असतं: लोक लॉगऑफ करत नाहीत, वरची फुली दाबून निघून जातात. सेशन डिस्कनेक्ट होतं, संपत नाही. आतला प्रोग्रॅम फायली धरून तसाच चालू राहतो. कमांड प्रॉम्प्टवर 'क्वेरी युजर' दिलंत की कोण 'डिस्क' अवस्थेत लटकलंय ते दिसतं. तेवढ्यालाच फोन करा, परत आत येऊन काम जतन करून नीट बाहेर पडायला सांगा. दुपारी बारा वाजता एकासाठी सगळ्यांना बाहेर काढायची गरज नाही. डिस्कनेक्ट झालेलं सेशन किती वेळाने संपवायचं, ते ग्रुप पॉलिसीत ठरवता येतं. मात्र ती मुदत फार आखूड ठेवू नका. डीबीएफचा (फॉक्सप्रोच्या डेटा फाइलचा) इंडेक्स लिहिला जात असताना प्रोग्रॅमचा गळा दाबला तर दुसऱ्या दिवशी इंडेक्स दुरुस्त करत बसावं लागतं, मग गळा पॉलिसीने दाबलेला असो की रीस्टार्टने.

शेवटी तुमचा प्रश्न, जो तुम्ही जाता जाता विचारलाय पण मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला: व्हीबी ६ चा एक प्रोग्रॅम जुन्या लोकांकडे चालतो आणि नव्या युजरला '३३९, ओसीएक्सची नोंद नाही' अशी एरर देतो (ओसीएक्स म्हणजे प्रोग्रॅमला तक्ते, बटणं असे तयार भाग पुरवणारी फाइल). त्यालाही ॲडमिन करायच्या आधी एवढं बघा. ओसीएक्सची नोंद सगळ्या मशीनसाठी होऊ शकते किंवा एकाच युजरपुरती. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, पहिली एचकेएलएम या मशीनच्या शाखेखाली बसते, दुसरी एचकेसीयू या त्या युजरच्या शाखेखाली. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या अशा दोघांची टिपणं घ्या आणि ओसीएक्सची नोंद कुठून वाचली जातेय ते ताडून बघा. एकाला एचकेसीयूत सापडतेय आणि दुसऱ्याला कुठेच नाही असं दिसलं तर ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवरून नोंद मशीनसाठी करून टाका. फाइल ३२ बिटची आहे, तेव्हा ६४ बिटच्या सर्व्हरवर तिची जागा 'सिसवॉव६४'मध्ये. नाव बघून उलटं वाटतं, पण ६४ बिटच्या फायली 'सिस्टम३२'मध्ये असतात आणि ३२ बिटच्या इथे. दोघांनाही नोंद सापडतेय आणि तरी एरर येतेय, असं निघालं तर त्या नोंदीतला पाथ बघा. तो इन्स्टॉल करणाऱ्याच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरकडे बोट दाखवत असेल तर इतरांना ती फाइल वाचताच येणार नाही.

आणि तो प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करायची वेळ आलीच तर आधी 'चेंज युजर' कमांड 'इन्स्टॉल' स्विचने द्या, सेटअप झाल्यावर प्रोग्रॅम एकदा त्याच अवस्थेत उघडून बंद करा, आणि मग 'एक्झिक्यूट' स्विचने परत या. म्हणजे इन्स्टॉल करताना तुमच्या एचकेसीयूत जे लिहिलं जातं त्याची नक्कल सर्व्हर बाजूला ठेवतो आणि पुढे लॉगिन करणाऱ्यांना देतो. फक्त हे अधूनमधून उगाच करू नका. बाजूला ठेवलेली नक्कल युजरच्या नोंदींपेक्षा ताजी झाली तर ती त्यांच्या सेटिंग्जवरून फिरते.

दोन्ही टिपणांत ओसीएक्सच्या ओळींपुढे काय निकाल दिसतो तेवढं इथे खाली लिहा. मग पुढचं बोलू.