६ जुलै म्हटलं की मला वूल्टनचा हॉल आठवतो

आज ६ जुलै. दिनविशेषाच्या पोस्टी सकाळपासून फिरताहेत. १९२५ साली रॉक अँड रोल गायक बिल हेलीचा जन्म, १९७१ साली जाझचे गायक-वादक लुई आर्मस्ट्राँग गेले, २०२० साली रोममध्ये सिनेसंगीतकार एन्निओ मोरिकोने गेले. सगळी माणसं मोठी, त्यांची आठवण काढायलाच हवी. पण जन्म-मृत्यूची नोंद कुठे ना कुठे होतेच. माझं मन मात्र दरवर्षी ६ जुलै १९५७च्या शनिवारपाशी जाऊन थांबतं.

लिव्हरपूलचं वूल्टन उपनगर. सेंट पीटर्स चर्चची जत्रा. सोळा वर्षांचा जॉन लेनन मित्रांना घेऊन दुपारी तिथे गायला. बँडचं नाव क्वारीमेन, हाच पुढे बीटल्स झाला. एका गाण्याचे शब्द त्याला येत नव्हते, तर गडी मनचे शब्द जोडून गात सुटला! आईने बँजोवर शिकवलेली बोटं गिटारवर धरायचा. समोर पंधरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी ऐकत उभा.

नंतर समोरच्या हॉलमध्ये दोघांच्या एका मित्राने त्यांची ओळख करून दिली. पॉल डावखुरा. हातात आलेली गिटार त्याने उलटी धरली आणि अमेरिकन रॉक गायक एडी कॉक्रनचं गाणं म्हणून दाखवलं. शब्दन् शब्द पाठ. शिवाय त्याला गिटार सुरात लावता येत होती, ते या मंडळींपैकी कुणालाच धड जमत नव्हतं.

मला खरी मोठी वाटते ती यानंतरची गोष्ट. बँडचा म्होरक्या जॉन. आपल्यापेक्षा सरस पोरगा आत घेतला तर आपलं काय, हा प्रश्न त्याला पडला होता, हे पुढे त्यानेच सांगितलं. तरीही त्याने पॉलला घेतलं. सोळाव्या वर्षी एवढं मन मोठं करणं किती अवघड असतं! पॉलमुळे पुढे जॉर्ज हॅरिसन आला.

बरोबर सात वर्षांनी, ६ जुलै १९६४ला, लंडनमध्ये त्यांच्या पहिल्या सिनेमाचा प्रीमियर झाला. राजकन्या मार्गारेट हजर होत्या. त्याच्या दोनच महिने आधी अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत बीटल्सची सलग १४ आठवड्यांची अव्वल जागा कुणी घेतली, ठाऊक आहे? बासष्ट वर्षांच्या आर्मस्ट्राँगनी. अख्ख्या रॉकच्या लाटेत म्हाताऱ्याचा तो खरखरीत आवाज वर आला, याचा मला आजही आनंद होतो.

१९५७च्या त्या संध्याकाळी हॉलमध्ये कुणीतरी ग्रुंडिगचा टेपरेकॉर्डर आणला होता. ती टेप १९९४ साली लिलावात ७८,५०० पौंडांना गेली. तिच्यावर जॉन गातोय, मागे गोंगाट आहे. पॉलची गिटार मात्र तिच्यावर नाही. ते गाणं तिथे उभ्या असलेल्या चार-सहा पोरांनीच काय ते ऐकलं.