‘लिच किंग म्हणजे आर्थस नव्हेच’ या दाव्याचा प्रतिवाद

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्या सांगली-मिरजेकडच्या मंडळींमध्ये सध्या एक लांबलचक मजकूर पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे. लॉर्डेरॉनचा राजपुत्र आर्थस मेनेथिल हा मुळात सज्जन आणि प्रजेची काळजी वाहणारा होता. स्ट्रॅथोम शहरातील नागरिकांच्या कत्तलीवाचून त्याला गत्यंतर नव्हते. फ्रॉस्टमोर्न ही शापित तलवार हाती येताच त्याचा आत्मा हिरावला गेला, आणि नळाच्या अंगात कली शिरावा तसा नेर्झुल, म्हणजे मृतांच्या सैन्याचा अधिपती असलेला मूळचा लिच किंग, त्याच्या अंगात शिरला. म्हणून पुढची सगळी पापे नेर्झुलची होत, आणि लिच किंग म्हणून जो वावरला तो आर्थस नव्हेच. शेवटी, शॅडोलँड्स या खेळाच्या नंतरच्या विस्तारात या सर्वांमागे जेलर नावाच्या खलनायकाचा हात असल्याचे उघड झाल्यावर आर्थसवर कसलाच दोष उरत नाही.

मजकूर तळमळीने लिहिलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. तो इतक्या जणांना का पटला, याचेही कारण समजण्यासारखे आहे. आर्थसची मूळ कथा २००२ साली आलेल्या वॉरक्राफ्ट ३ या व्यूहरचनेच्या खेळात आणि २००३ च्या त्याच्या पुरवणीत सांगितलेली आहे. रॅथ ऑफ द लिच किंग हा विस्तार त्यानंतर, २००८ साली आला. २०२२ साली त्याची क्लासिक आवृत्ती सुरू झाल्यावर ज्यांनी नॉर्थरेंड या बर्फाळ खंडात प्रथम पाऊल ठेवले, त्यांच्यापुढे आर्थस उभा राहिला तो शिरस्त्राण घातलेला, थंड आवाजाचा, जवळजवळ परका. त्याच्या आधीचा माणूस त्यांनी फक्त स्ट्रॅथोमच्या डंजनमध्ये घटकाभर पाहिला. अशा खेळाडूला हे दोघे वेगळेच होते असे वाटले, तर त्यात नवल नाही. मात्र वाटणे आणि कथेत असणे यांत फरक आहे.

पहिला मुद्दा स्ट्रॅथोमचा. मजकुरातील हा भाग सर्वांत बळकट आहे आणि त्याला योग्य ते श्रेय द्यायला हवे. रोग पसरला होता तो धान्यातून. अँडोरहाल हे धान्यवाटपाचे केंद्र होते, तिथल्या शिक्क्याची खोकी गावोगाव गेली होती, आणि ते धान्य खाल्लेली माणसे मरून पुन्हा शत्रूच्या बाजूने उठत होती. एका पेठेतून निघालेला माल किती घरांच्या चुलीपर्यंत पोहोचतो, हे सांगलीच्या मार्केट यार्डात वावरलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हार्थग्लेन गावात आर्थसने हे रूपांतर डोळ्यांनी पाहिले होते, आणि स्ट्रॅथोमच्या वेशीवर पोहोचला तेव्हा वाटप होऊन गेलेले होते. उपचार कोणालाच ठाऊक नव्हता. इथवर मजकूरकाराशी माझा वाद नाही.

परंतु ‘गत्यंतर नव्हते’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आर्थसचा गुरू उथर याने तिथल्या तिथे नकार दिला. त्यावर आर्थसने त्याच्यावर राजद्रोहाचा ठपका ठेवला आणि सिल्व्हर हँड या संघाच्या पॅलाडिनांना, म्हणजे धर्मयोद्ध्यांना, सेवेतून दूर केले. जेनाही ते पाहवेना म्हणून निघून गेली. गुरू आणि जिवाभावाची मैत्रीण दोघेही एकाच प्रश्नावर पाठ फिरवतात, तेव्हा थांबून विचार करण्याइतका वेळ कथेने त्याला दिलेला असतो. तो वेळ त्याने उथरला हाकलण्यात घालवला. कत्तलीचा निर्णय चूक होता की बरोबर यावर आपण हवा तितका वाद घालू. त्या निर्णयापर्यंत आर्थस ज्या तऱ्हेने पोहोचला, तिचे समर्थन मात्र अवघड आहे. (वॉरक्राफ्ट ३ मध्ये ही मोहीम खेळताना मॅल्गानिस या राक्षसी शत्रूने शंभर नागरिक आपल्याकडे ओढण्याआधी आपण शंभर मारायचे असतात. पडद्यावरचा आकडा पुढे सरकू लागला की खेळणाराही घाई करू लागतो आणि घरामागून घर फोडत सुटतो. आर्थसची मनःस्थिती समजावून सांगण्याची याहून चांगली रीत मला कुठल्या खेळात आढळलेली नाही.)

खरा घोटाळा पुढे आहे, आणि त्याबद्दल मजकुरात चकार शब्द नाही. स्ट्रॅथोमनंतर आर्थस आपल्या प्रजेजवळ थांबत नाही. लोकांना घेऊन पश्चिमेकडे जा, असे एका गूढ संदेष्ट्याने त्याला आधीच बजावलेले असते. जेना तो सल्ला मानते आणि लोकांना घेऊन कालिमडोर या पश्चिमेच्या खंडाकडे जाते. आर्थस मात्र मॅल्गानिसचा सूड घेण्यासाठी नॉर्थरेंड गाठतो. तिथे त्याचा बाप राजा टेरेनस याचा परतण्याचा हुकूम पोहोचतो आणि सैनिक आनंदाने किनाऱ्याकडे निघतात. ते पोहोचण्याच्या आत आर्थस भाडोत्री टोळ्यांना पैसे देऊन स्वतःचीच जहाजे जाळतो. सैनिक येऊन पाहतात तो नुसत्या ज्वाळा. आर्थस त्या भाडोत्र्यांकडे बोट दाखवून हे यांचेच कृत्य असे सांगतो, आणि आपल्याच सैनिकांकरवी त्यांना ठार करवतो. त्याचा बुटका योद्धा मित्र म्युराडिन ब्राँझबिअर्ड हे सारे जवळून पाहतो आणि हादरतो.

हा प्रसंग मानवांच्या नऊ मोहिमांपैकी आठव्या मोहिमेत घडतो. फ्रॉस्टमोर्न हाती येते ती नवव्या मोहिमेच्या अखेरीस. म्हणजे खोटे बोलणे, बापाचा हुकूम मोडणे, सोबत्यांच्या परतीची वाट बंद करणे आणि पैसे देऊन कामाला लावलेल्यांचा बळी देणे हे सगळे त्याने स्वतःच्या शाबूत आत्म्यानिशी केलेले आहे. तलवारीजवळचा शिलालेख वाचून म्युराडिनने हिला हात लावू नकोस असे सांगितले होते. मायभूमीसाठी कोणताही शाप पत्करायला मी तयार आहे, अशा अर्थाचे उत्तर आर्थसने दिले. तलवारीभोवतीचे बर्फ फुटून त्याची ढलपी म्युराडिनला लागली आणि तो कोसळला. आर्थसने तलवार उचलली आणि त्याला तसाच सोडून तो चालता झाला.

आता नळाच्या दाखल्याकडे येऊ. दाखला आकर्षक आहे, पण मजकूरकाराने नलोपाख्यान अर्धेच आठवलेले दिसते. वनपर्वातल्या त्या कथेत कली वर्षानुवर्षे संधीची वाट पाहत बसतो, आणि बाराव्या वर्षी नळ पाय न धुता संध्येला बसतो एवढीच फट त्याला सापडते. मुळात नळाच्या आचरणात दुसरे काही बोट ठेवण्याजोगे नाही. कली अंगात असतानाही दमयंतीला वनात सोडून जाताना तो पुन्हा पुन्हा मागे फिरतो. आणि ऋतुपर्णाकडून अक्षविद्या मिळाल्यावर कली कर्कोटकाचे विष ओकत बाहेर पडतो व बेहड्याच्या झाडात शिरतो, तेव्हा पालटलेले रूप तेवढे सोडता नळ पुन्हा नळ होतो.

या तिन्ही ठिकाणी आर्थसची कथा उलट दिशेने जाते. त्याच्या बाबतीत फट पाय न धुण्याएवढी नव्हती. ती जहाजांएवढी होती. तलवार मिळाल्यावर तो मागे फिरताना दिसत नाही, उलट आज्ञेपलीकडचे क्रौर्य स्वतःच्या हौसेने करतो. एल्फांची सेनानी सिल्व्हानस विंडरनरने त्यांच्या क्वेल्थालास राज्याच्या वाटेवर त्याला जेरीस आणले, म्हणून मरणाची शांतीही तिला मिळू न देता त्याने तिची बॅन्शी, म्हणजे गुलाम पिशाच्च, करून टाकली. असे कर, असे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आपल्याच बेफिकिरीमुळे मेलेल्या इन्व्हिन्सिबल या लाडक्या घोड्याला त्याने थडग्यातून उठवले, त्यातही कोणाचा हुकूम नव्हता. आपल्यापैकी अनेकजण आठवड्यामागून आठवडे आइसक्राउन सिटाडेल हा लिच किंगचा गड सर करतात ते त्याच घोड्यासाठी, पण तो तिथे का आहे याचा विचार फारसा होत नाही. परक्याच्या अंगातल्या परक्या आत्म्याला आर्थसच्या बालपणातला घोडा कशाला हवा असेल?

लिच किंगची पकड सैल झाली तेव्हाचे आर्थसचे वर्तन तर आणखी बोलके आहे. इलिडन या मांत्रिकाच्या मंत्राने फ्रोझन थ्रोन या बर्फाच्या सिंहासनाला तडा गेला आणि लिच किंगची, म्हणजे तेव्हा नेर्झुलची, शक्ती ओसरू लागली, तेव्हा सिल्व्हानस आणि तिच्यासारखे असंख्य मृत स्वतंत्र झाले आणि पहिल्या संधीला आर्थसवर उलटले. आर्थसचीही शक्ती घटत होती. त्याने काय केले? तो धन्याला वाचवण्यासाठी नॉर्थरेंडकडे धावला. तलवार त्याच्याच कमरेला असल्यामुळे त्याचे बंधन इतरांपेक्षा घट्ट होते, असा युक्तिवाद इथे करता येईल, आणि तो बिनबुडाचा नाही. पण त्यातून फार तर शिक्षा सौम्य करण्याचे कारण मिळते. ‘तो आर्थस नव्हताच’ हे सिद्ध होत नाही. दोषी कोण आणि तो कोण, हे दोन प्रश्न मजकूरकाराने सुरुवातीपासून एकात कालवले आहेत, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच आलेला आहे.

नेर्झुलच्या मुद्द्यावर फार थांबण्याचे कारण नाही. शिरस्त्राण घालताना दोघे एक झाले, हे २००३ च्या पुरवणीत आहे, आणि मजकूर तिथेच थांबतो. मात्र २००९ साली आलेल्या क्रिस्टी गोल्डन यांच्या आर्थसवरील कादंबरीच्या शेवटी शिरस्त्राण घातल्यावरच्या दीर्घ निद्रेतील स्वप्नात आर्थस नेर्झुललाही संपवतो आणि आपल्यातल्या उरल्यासुरल्या माणुसकीलाही. उरतो तो एकटाच. खेळात याला जोड आहे: आइसक्राउनमध्ये सापडणारे हृदय आर्थसने माणूसपण झटकण्यासाठी स्वतःच उपटून टाकलेले आहे, आणि त्यात चांगुलपणाचा अंश उरला आहे का हे पाहायला गेलेला पॅलाडिन टिरियन फोर्डरिंग शेवटी ते नष्ट करतो. अंगात शिरलेला कोण आणि घरधनी कोण, याचा निकाल इथे लागतो.

जेलरबद्दल एकच सांगतो. तेच शिरस्त्राण आर्थसनंतर बोल्व्हार फोर्ड्रॅगन या योद्ध्याने घातले आणि २०२० च्या शॅडोलँड्समध्ये सिल्व्हानसने ते मोडेपर्यंत त्याच्या डोक्यावर होते. एवढ्या काळात त्याने जिवंतांच्या राज्यांवर चाल केली नाही. लीजन या विस्तारात त्याच्या संमतीने त्याचे मृत योद्धे (डेथ नाइट) टिरियनचे थडगे उकरायला गेले होते, तो डाग त्याच्यावर आहेच. शिवाय त्याच्याजवळ फ्रॉस्टमोर्न नव्हती आणि लाल ड्रॅगनांच्या अग्नीने तो पोळलेला होता, हेही धरायला हवे. तरी जेलरचे एकच शिरस्त्राण दोघांच्या डोक्यावर दोन तऱ्हांनी वागले, एवढे स्पष्ट दिसते. मग घालणाऱ्याला हिशेबातून वगळता येत नाही.

राहिला शेवटचा प्रसंग, ज्यावर मजकुराची सगळी करुणा उभी आहे. लिच किंगचे बळ दहा टक्क्यांवर येते, तो एका घावात सगळ्या खेळाडूंना मारतो, टिरियन आपल्या ॲशब्रिंगर तलवारीने फ्रॉस्टमोर्नचे तुकडे करतो, आणि फ्रॉस्टमोर्नमधून सुटलेला टेरेनसचा आत्मा मरणाऱ्या मुलाजवळ येतो. हे संपले का, असे मुलगा बापाला विचारतो. मजकूरकार म्हणतो, पाहा, कैदी सुटला. पण शिरस्त्राणाखालचा आर्थस नव्हताच, असे हाच मजकूर चार परिच्छेद सांगत आलेला आहे. मग टेरेनस मुलगा म्हणून कोणाजवळ बसला होता? जेनाने कधीकाळी दिलेले लॉकेटही लिच किंगच्या पराभवानंतर त्याच्या चीजवस्तूंत सापडते आणि तिच्याकडे पोहोचते. त्याने ते टाकून दिले नव्हते, हे तिला तेव्हा कळते. स्वतःचे हृदय उपटणाऱ्याने ते लॉकेट का ठेवले, यावर मतभेद होऊ शकतात. ते ठेवणारा आर्थस होता, एवढे तरी त्या मजकुराच्या लेखकाने आता मान्य करावे.