व्हेनिस ठेवू का काढू?

परवा रात्री भाचीचा मेसेज आला, "मावशी, इटलीचे नऊ दिवस मिळालेत, रोम आणि फ्लोरेन्स फिक्स आहे, व्हेनिस ठेवू का काढू? सगळे म्हणतायत नुसती गर्दी आहे, वास येतो आणि पैसे उकळतात." मी आधी "काढ" असंच टाइप केलं होतं. मग पुसलं आणि सरळ फोन लावला आणि तासभर बोलत बसले. तेच सगळं इथे लिहितेय कारण दरवर्षी उन्हाळा जवळ आला की कुणी ना कुणी हे विचारतंच आणि मला दरवेळी दोन वाक्यात उत्तर देता येत नाही.

मी व्हेनिसला दोनदा गेलेय. पहिल्यांदा 2017 च्या जुलैत, ग्रुप टूरने, सासू-सासऱ्यांना घेऊन. दुसऱ्यांदा 2023 च्या नोव्हेंबरमध्ये, फक्त मी आणि नवरा. पहिल्या वेळी शहराला मिळाले साडेचार तास, दुसऱ्या वेळी तीन रात्री.

त्या साडेचार तासांचं सांगते. मुक्काम बेटांच्या बाहेर, जमिनीवरच्या बाजूला. सकाळी बसने पूल ओलांडून त्रोंकेत्तो या बस थांबायच्या बेटावर सोडलं, तिथून बोटीत बसवलं आणि सान मार्को या मुख्य चौकाजवळ उतरवलं. उतरल्यापासून समोर फक्त पाठी दिसत होत्या, लोकांच्या पाठी आणि वर धरलेले झेंडे. डोजेच्या, म्हणजे तिथल्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, महालाच्या बाजूला तो प्रसिद्ध उसाशांचा पूल आहे, तो बघायला ज्या दुसऱ्या पुलावर उभं राहायचं तिथे इतकी रेटारेटी की सासूबाईंचा हात सोडायची भीती वाटत होती. मग काचेच्या कारखान्यात नेलं, फुंकून घोडा बनवून दाखवला दहा मिनिटं आणि नंतर अर्धा तास दुकानात. मग गोंडोला, एका होडीत सहा जण, पुढे होडी मागे होडी, अरुंद कालव्यात चक्क ट्रॅफिक जॅम. सासूबाईंचे पाय दुखायला लागले तर बसायला जागा नाही, चौकातल्या पायऱ्यांवर टेकलं तर माणूस येऊन उठवतो कारण तिथे बसायला बंदीच आहे. तेवढ्यात जुदेक्का कालव्यातून एक क्रूझ जहाज गेलं, आजूबाजूच्या सगळ्या इमारतींपेक्षा उंच, जणू एखादी हाउसिंग सोसायटी सरकत चालली आहे. सगळे फोटो काढत होते. सासरे ते जाईपर्यंत बघत राहिले आणि मग मला म्हणाले, "अगं, इथे माणसं राहतात का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. गाइडला विचारलं तर तो हसला आणि पुढे चला म्हणाला.

सासरे आता नाहीत. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि दुसऱ्यांदा जायचं ठरलं तेव्हा मी हट्टच धरला की मुक्काम बेटावरच करायचा, भले एक रात्र कमी झाली तरी चालेल. हॉटेल महाग पडलं, खोटं कशाला सांगू. पण सान्ता लुचीया स्टेशनातून बॅग ओढत बाहेर आलो आणि पायऱ्यांच्या खाली थेट ग्रँड कॅनाल, म्हणजे तिथला मुख्य कालवा, रस्ता नाही, रिक्षावाला नाही, हॉर्न नाही, समोर पाणी आणि पाण्यावर बस. वापोरेत्तो म्हणजे तिथली बसच. एक नंबरची लाइन पूर्ण ग्रँड कॅनालभर जवळजवळ प्रत्येक स्टॉप घेत रमतगमत जाते, सान मार्कोपर्यंत पाऊण तास लागतो. तिकीट महाग आहे, साडेनऊ युरो, पण 75 मिनिटं चालतं आणि दिवसभराचा पास 25 युरोला मिळतो, त्यामुळे दोनचारदा चढउतार करायची असेल तर पासच घ्यावा.

आम्ही राहिलो कानारेज्जोमध्ये. शहराचे सहा भाग आहेत, त्यातला हा उत्तरेकडचा. ज्यू लोकांना 1516 मध्ये जिथे कोंडून ठेवलं ती जागा इथेच, आणि घेट्टो हा शब्द जगभर गेला तो या मोहल्ल्याच्या नावावरून. पहिल्या सकाळी साडेसहाला जाग आली ती बोटीच्या इंजिनाने. खिडकी उघडली तर खाली कालव्यात भाजीची बोट. तिच्या मागे सिमेंटच्या गोण्या आणि एक छोटं मिक्सर घेऊन चाललेली बोट. मग कचरावाला, हातगाडी ढकलत दारोदार जाणारा, त्याची गाडी पण शेवटी बोटीतच रिकामी होते. अ‍ॅम्ब्युलन्स सुद्धा बोट, पोलीस सुद्धा बोट. जे जे आपल्याकडे चाकावर येतं ते सगळं इथे पाण्यावरून यायला लागतं आणि मग माणूस ते खांद्यावर किंवा गाडीवर घालून पुलाच्या पायऱ्या चढवतो. चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तिथलं सगळं एवढं महाग का त्याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेल्या निम्म्यात लूट आहेच, सान मार्कोच्या आसपास जेवायला बसूच नका.

दुपारी चारनंतर गल्ल्या मोकळ्या व्हायला लागतात. साडेपाचला शाळा सुटलेली पोरं चौकात फुटबॉल खेळत होती, दप्तरं विहिरीच्या कट्ट्यावर टाकलेली, आज्या बाकावर बसून गप्पा मारतायत आणि बॉल अंगावर आला की ओरडतायत. तिथे उभी राहून मी मनातल्या मनात सासऱ्यांना सांगितलं, राहतात बाबा, माणसं राहतात.

किती राहतात ते दुसऱ्या दिवशी कळलं. रियाल्टोच्या पुलाजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी लावलेली आहे, शहरात आज किती रहिवासी उरलेत ते दाखवणारी, 2008 पासून आहे ती. आम्ही बघितला तो आकडा 50 हजाराच्या खाली होता. 1951 मध्ये याच बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहायची. आणि आम्ही गेलो त्याच वर्षी तिथल्या नागरिकांच्या गटांनी मोजून दाखवलं होतं की टुरिस्टसाठीचे बेड रहिवाशांपेक्षा जास्त झालेत. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. मागून लोक ढकलून पुढे जात होते, कुणीच वर बघत नव्हतं.

आमच्या नशिबाने त्या ट्रिपमध्ये 21 नोव्हेंबर आला. प्लॅन करून नाही, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. 1630 मध्ये शहरात प्लेग आला, हजारोंनी माणसं मेली, तेव्हा राज्यकर्त्यांनी नवस बोलला की यातून सोडव, मेरीचं मोठं देऊळ बांधू. ते म्हणजे सालूतेचं चर्च, ग्रँड कॅनालच्या तोंडाशी पांढऱ्या घुमटाचं जे प्रत्येक फोटोत दिसतं ते. चिखलात दहा लाखांच्या वर लाकडी खुंट ठोकून त्याच्यावर उभं केलंय, हवा लागत नाही म्हणून ते लाकूड अजून टिकून आहे. आणि तो नवस लोक अजून दरवर्षी फेडतात. त्या दिवसांपुरता ग्रँड कॅनालवर एक तात्पुरता पूल टाकतात आणि अख्खं शहर त्याच्यावरून चालत जाऊन मेणबत्ती लावून येतं. नातवंडांना घेऊन आलेल्या बायका, ऑफिसच्या कपड्यातली माणसं, बाहेर फुगे आणि खाऊचे स्टॉल, घरोघरी कास्त्रादिना नावाचं मटण-कोबीचं सूप. अगदी जत्रा. आम्ही पण रांगेत उभं राहून मेणबत्ती दिली. माझ्या पुढच्या आजीबाईंनी वळून काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, तर त्यांनी नुसता माझा दंड थोपटला. एवढंच. पण पहिल्या ट्रिपमध्ये साडेचार तासांत एकाही व्हेनिसच्या माणसाशी नजरानजर सुद्धा झाली नव्हती हो.

तर माझं म्हणणं हे आहे, आणि मी ते अगदी मनापासून म्हणते, की व्हेनिस बघण्यासारखं आहे का हा प्रश्नच अर्धा आहे. तुमच्याकडे दोन रात्री आहेत का ते आधी सांगा. असतील तर डोळे मिटून ठेवा. नसतील, मधे एक दुपार मोकळी आहे म्हणून उरकून येऊ असं असेल, तर काढा. त्या एका दुपारी तुम्हाला नेमकं तेच दिसेल जे सगळे सांगतात, गर्दी आणि बिल. गर्दी कधी असते ते शहराने स्वतःच सांगून ठेवलंय बघा. एप्रिल 2024 पासून एका दिवसासाठी येणाऱ्यांवर त्यांनी फी लावली, ठराविक दिवशी, 5 युरो, आणि 2025 मध्ये असे 54 दिवस होते, आयत्या वेळी काढलं तर 10 युरो. वेळ किती, तर सकाळी साडेआठ ते दुपारी चार. म्हणजे चारनंतर आणि साडेआठच्या आत शहर तुमचंच आहे, फक्त त्या वेळी तिथे असायला तिथे झोपायला लागतं. मुक्काम करणाऱ्यांना ही फी नाही, हॉटेलात वेगळा टॅक्स असतो, पण फीच्या दिवशी सूट मिळाल्याचा क्यूआर कोड आधी ऑनलाइन काढायला लागतो तेवढं लक्षात ठेवा.

पुलापलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेला राहून दहा मिनिटांच्या ट्रेनने ये-जा करायचा सल्ला खूप जण देतात. स्वस्त पडतं हे खरं. बजेटच नसेल तर तसं करा, पण मग शेवटच्या ट्रेनचं टाइमटेबल बघून रात्री उशिरापर्यंत थांबा, पाच वाजता परत फिरू नका, नाहीतर उपयोग नाही.

कुणीतरी म्हणेलच की आपण गेलो की आपणच गर्दी, मग जायचंच कशाला. मी पण यावर खूप विचार केलाय. जो माणूस तीन रात्री राहतो, संध्याकाळी गल्लीतल्या बाकारोमध्ये, म्हणजे छोट्या बारमध्ये, उभं राहून चिकेत्ती म्हणजे तिथला चटरमटर खाऊ खातो, बाजारातून फळं घेतो, त्याचा पैसा तिथे राहतो. जो तीन तासांत पाण्याची बाटली आणि मॅग्नेट घेऊन जातो तो पूल मात्र तेवढाच अडवतो. पण हेही खरं की रात्री राहणारा एक बेड अडवतो, आणि तो बेड जर कुणाचं घर रिकामं करून केलेल्या फ्लॅटमधला असेल तर त्या काचेतल्या आकड्यात आपलाही हात आहे. म्हणून आम्ही फ्लॅट न घेता छोट्या हॉटेलात राहिलो. याने प्रश्न सुटतो असं मी म्हणत नाही. शहर आपल्या परीने हातपाय मारतंय, ती मोठी जहाजं 2021 पासून जुदेक्का कालव्यात येऊ देत नाहीत, 2024 पासून ग्रुपमध्ये 25 च्या वर माणसं आणि लाउडस्पीकर चालत नाहीत. सासऱ्यांना हे ऐकून बरं वाटलं असतं.

वासाचं विचारतात सगळे. उन्हाळ्यात ओहोटीला बारीक कालव्यांना येतो म्हणे, आम्हाला नोव्हेंबरमध्ये अजिबात आला नाही. पाणी चढायची भीती मात्र खरी, नोव्हेंबर 2019 मध्ये 187 सेंटिमीटर चढलं होतं. आता समुद्राच्या तोंडाशी 78 दरवाजे बसवलेत, मोठी भरती आली की वर उचलतात, 2020 पासून चालू आहेत. तरी थोडंफार पाणी सान मार्कोच्या चौकात येतं कारण तो भाग सखल आहे, बूट भिजले तर भिजले.

गोंडोला? तो भाव होडीचा असतो, माणशी नाही, अर्ध्या तासाचे 90 युरो आणि संध्याकाळी सातनंतर 110. नुसतं बसल्याचं समाधान हवं असेल तर त्राघेत्तो घ्या, ग्रँड कॅनाल ओलांडून देणारी साधी होडी, दोन युरोत.

आणि खरोखरच काढायचं ठरलं तर मन मारून काढू नका. व्हेनिसपासून ट्रेनने अर्ध्या तासावर पादुआ आहे, तिथे जोत्तो या चित्रकाराने सातशे वर्षांपूर्वी भिंती रंगवलेलं स्क्रोवेन्यी चॅपल आहे, आत फक्त पंधरा-वीस मिनिटं सोडतात पण बुकिंग असल्यामुळे शांतपणे बघता येतं. एका दिवसाला ते पुरेपूर आहे.

तर भाचीने शेवटी फ्लोरेन्सची एक रात्र कमी करून व्हेनिसला दोन दिल्यात, ऑक्टोबरच्या शेवटी. तिला मी एवढंच बजावलंय की दोन्ही दिवस सहाला उठायचं आणि अकरा ते चार सान मार्कोकडे फिरकायचं नाही, त्या वेळात कास्तेल्लो या पूर्वेकडच्या भागाच्या टोकाला व्हिया गारिबाल्दी नावाचा रस्ता आहे तिकडे जायचं नाहीतर लांबच्या तोर्चेल्लो बेटावर.

आता एक अडचण आहे. माझी बहीण पण बरोबर जातेय आणि तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे, पायऱ्या जमतात पण सारख्या सारख्या नाहीत. मी सांगितलंय की हॉटेल असं बघा की वापोरेत्तोच्या स्टॉपपासून मधे एकही पूल नको, आणि एक नंबरच्या लाइनवरच हवं. तुमच्यापैकी कुणी अशा माणसाला घेऊन तिथे राहिलं असेल तर कुठल्या स्टॉपजवळ राहिलात ते कमेंटमध्ये नक्की लिहा, बुकिंग या आठवड्यात करायचंय.