‘खोटं असतं तर कोर्टात गेले असते ना!’

एखाद्या नटीने ‘आमचं खासगी आयुष्य आम्हाला जगू द्या’ म्हटलं, की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: फोटोग्राफरना हे लोक स्वतःच बोलावतात, मग तक्रार कसली? आगीशिवाय धूर निघत नाही. खोटं असतं तर कोर्टात गेले असते. आणि चार घटका करमणूक होते, त्यात कुणाचं काय बिघडतं?

पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. बोलावतात, खरंच बोलावतात. अमुक वाजता अमुक दारातून बाहेर पडणार, असा निरोप प्रसिद्धी सांभाळणारी माणसंच देतात. २००८ मध्ये अँजेलिना जोली आणि ब्रॅड पिट यांच्या जुळ्यांचे पहिले फोटो दोन मासिकांनी मिळून १.४ कोटी डॉलरना घेतल्याच्या बातम्या होत्या. पण एका संध्याकाळी दार उघडलं म्हणून घराची किल्ली दिली असं होत नाही. शिवाय मुलांचं काय? शाळेच्या फाटकाशी कॅमेरे घेऊन अंगावर धावणाऱ्यांविरुद्ध साक्ष द्यायला हॅली बेरी आणि जेनिफर गार्नर या हॉलिवुडच्या नट्या कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात गेल्या होत्या. २०१३ मध्ये तिथे त्यासाठी कायदा कडक करावा लागला. त्या पोरांनी कुणाला निरोप धाडला होता?

आता धूर आणि आग. १९७६ मध्ये ‘नॅशनल एन्क्वायरर’ या अमेरिकन गॉसिप साप्ताहिकाने विनोदी अभिनेत्री कॅरोल बर्नेटबद्दल एक चुटका छापला. जेमतेम चार वाक्यांचा. वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये तिने तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर यांच्याशी मोठमोठ्याने वाद घातला, आपलं गोड सगळ्यांना वाटत फिरली, एकाच्या अंगावर वाइन सांडली आणि माफी मागायची सोडून खिदळत बसली. दारू पिऊन तर्र, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

प्रत्यक्षात काय झालं होतं? ती त्या रेस्टॉरंटमध्ये होती. थोडी वाइन घेतली होती. शेजारच्या टेबलावरच्यांना तिने आपल्या सूफ्लेतला (म्हणजे त्या गोडातला) घास दिला होता. किसिंजरशी ओळख करून दिली गेली, दोन शब्द हसतखेळत झाले. वाद झालाच नव्हता, वाइनही सांडली नव्हती. म्हणजे धूर होता, पण तो सूफ्लेचा! कंड्या पिकवणारा चतुर माणूस साफ खोटं कधीच सांगत नाही. तीन खऱ्या गोष्टींच्या ओळीत चौथी आपली घुसवतो आणि पहिल्या तिघी तिच्यासाठी जामीन राहतात. बर्नेटचे आईवडील दोघेही दारूपायी गेलेले. तो चुटका तिला का झोंबला असेल, हे वेगळं सांगायला नको.

ती कोर्टात गेली. जिंकलीसुद्धा, पण १९८१ मध्ये! चार वाक्यांसाठी पाच वर्षं. ज्यूरीने दिलेले १६ लाख डॉलर अपिलात घसरत २ लाखांवर आले. अमेरिकेत १९६० च्या दशकापासून नामवंतांना मजकूर खोटा आहे एवढंच सिद्ध करून भागत नाही. छापणाऱ्याला ते ठाऊक होतं किंवा खऱ्याखोट्याची त्याला पर्वाच नव्हती, हेही दाखवावं लागतं. दुसऱ्याच्या डोक्यातलं कोर्टात सिद्ध करायचं म्हणजे चेष्टा नव्हे.

त्यातून बोभाटा होतो तो वेगळाच. २००३ मध्ये गायिका-अभिनेत्री बार्ब्रा स्ट्रायसँडने किनाऱ्यावरच्या आपल्या घराच्या, एका साइटवर टाकलेल्या फोटोवरून ५ कोटी डॉलरचा दावा ठोकला. तोवर तो फोटो सहा वेळा डाउनलोड झालेला, त्यातही दोनदा तिच्याच वकिलांकडून. दाव्यानंतर महिन्याभरात त्या साइटला चार लाखांवर भेटी झाल्या आणि दावाही फेटाळला गेला. कुस्तीपटू हल्क होगनने आपली खासगी चित्रफीत टाकल्यावरून ‘गॉकर’ या गॉसिप साइटला २०१६ मध्ये खरोखर लोळवलं, १४ कोटी डॉलरचा निकाल लागला, साइट बंद पडली. पण त्याच्या वकिलांचा खर्च पडद्याआडून पीटर थील नावाचा अब्जाधीश करत होता, ज्याचा ‘गॉकर’वर जुना राग होता. असा पाठीराखा मिळाला तर कोर्टात जावं! तेव्हा गप्प बसणं म्हणजे कबुली नव्हे, बहुतेकदा तो साधा हिशेब असतो.

राहिली करमणूक. मीही ही पानं उघडते, उगाच सोवळेपणा नको. पण ‘कुणाचं काय बिघडतं’ म्हणणाऱ्यांना २०२० चा एप्रिल आठवावा. ‘ब्लॅक पँथर’चा नायक चॅडविक बोसमनने हॉस्पिटलांना ४२ लाख डॉलरची संरक्षक साधनं दिली जाणार असल्याचं सांगणारा व्हिडिओ टाकला. त्यात तो फार वाळलेला दिसत होता. लगेच कमेंटांमध्ये निदानं सुरू झाली: व्यसन असेल, कुठल्यातरी भूमिकेसाठी असेल, कुणी नुसतीच थट्टा केली. इथे तर गॉसिप साइटचीही गरज पडली नाही, वाचकांनीच काम उरकलं. २८ ऑगस्टला तो गेला, तेव्हा घरच्यांच्या निवेदनातून जगाला कळलं की त्याला २०१६ मध्येच मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला होता, आणि मधल्या वर्षांतले सिनेमे त्याने शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीच्या अधूनमधून केले होते.